चाक हवेत गेलं की काय होतं? लिमिटेड स्लिप आणि ऑटोमॅटिक लॉकर

मंडळी, लिमिटेड स्लिप आणि ऑटोमॅटिक लॉकर म्हणजे एकच, असं गॅरेजमध्येही सर्रास ऐकू येतं. तसं नाहीये.

आधी साधं डिफरन्शियल बघू. ते दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क देतं. समजा, एका चाकाखालचा चिखल फक्त 100 न्यूटन-मीटर पेलतो. मग खडकावरच्या चाकालाही 100च मिळणार. जास्त रेस केलीत की चिखलातलं चाक गरगरतं, गाडी जागच्या जागी.

लिमिटेड स्लिपमध्ये क्लच प्लेटांचं घर्षण किंवा टॉर्सनसारखी वर्म गिअरची रचना असते. पकड असलेल्या चाकाला ती काही पट जास्त टॉर्क देते. तिप्पट धरा: इकडे 100, तिकडे 300. चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरायला मोकळीच राहतात, म्हणून वळणावर झटका नाही. पण चाक हवेत गेलं तर? शून्याची तिप्पट शून्यच! प्लेटांच्या प्रकारात स्प्रिंगमुळे थोडा दाब आधीपासून असतो, तेवढाच आधार. टॉर्सनवाले अशा वेळी ब्रेक हलका दाबतात, म्हणजे हवेतल्या चाकावर काहीतरी भार येतो.

लॉकर दोन्ही बाजू एकमेकींना जखडूनच टाकतो. हवेतलं चाक शून्य घेईना का, जमिनीवरचं चाक पकडीइतका सगळा टॉर्क घेऊ शकतं. ऑटोमॅटिक म्हणजे चालकाला बटण दाबावं लागत नाही. यातही दोन उलट स्वभाव आहेत. डेट्रॉइट लॉकर एरवी जखडलेला असतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त वेगाने फिरतं तेव्हा त्या बाजूचे दाते सुटतात, कट-कट आवाज येतो आणि आतलं चाक एकटं ओढतं. ओल्या घाटात वळणातच रेस कमीजास्त केली तर गाडीची शेपटी हलते, हे लक्षात ठेवा.

ईटन कंपनीचा मेकॅनिकल लॉकर याच्या उलट, एरवी मोकळा. दोन चाकांत मिनिटाला साधारण 100 फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजनं बाहेर फेकली जातात, अडकतात आणि प्लेटा आवळून पूर्ण लॉक लागतो. ताशी 30 किलोमीटरच्या आसपास वेग गेल्यावर तो लागत नाही. 2020 च्या थारमध्ये मागच्या आसावर मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल आलं ते याच जातीचं.

इथेच बरेच जण फसतात. चाक गरगरलं की पाय आपोआप ऍक्सिलरेटरवरून निघतो. फरक मोडतो, लॉक लागतच नाही आणि दोष लॉकरला! पाय हलका पण स्थिर ठेवा. दणकून दाबू नका, कारण लॉक लागताच सगळा जोर एकाच हाफ शाफ्टवर येतो आणि तो तुटू शकतो.

माझं मत विचाराल तर, पावसाळी डांबरी घाटासाठी लिमिटेड स्लिप बरा. ओढ्यात, खडकात चाक उचललं जात असेल तर लॉकरच हवा. आणि प्लेटांच्या लिमिटेड स्लिपला त्याचंच खास तेल घाला, नाहीतर वळणावर डिफरन्शियल थरथरायला लागतं.