दुखणाइताची बिडी

खेड्यात दुखणाइताला भेटायला जाण्याची आपली रीत मोठ्या जिव्हाळ्याची आहे. कोणी केळी नेतो, कोणी बिस्किटांचा पुडा. एखादा जुना सोबती मात्र खाटेच्या कडेला बसतो, खिशातून बंडल काढतो आणि दोन बिड्या शिलगावतो; एक स्वतःला, एक आजाऱ्याला. घरची माणसे नको म्हणू लागली तर आजारीच बोलतो, "आते सोडीसन काय फायदा शे, भाऊ?" गिरणाकाठच्या आमच्या मामांनी क्षयाच्या दुखण्यात हेच म्हटले होते, आणि मी, एम. ए. झालेला भाचा, गप्प बसलो. मामा त्या दुखण्यातून उठले नाहीत. बिडी सोडली असती तर उठले असते, असे मी म्हणत नाही. पण त्यांच्या प्रश्नाला उत्तर होते, आणि ते मला द्यायला हवे होते.

धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते डॉल आणि हिल या इंग्रज संशोधकांनी १९५० साली दाखवून दिले. बिडी वाईट, हे आता पोरासोरांनाही ठाऊक आहे. रोग जडल्यावर सोडून काय मिळते, हा प्रश्न त्यामानाने कमी विचारला जातो. कॅनडातील डॉक्टरांनी १९९३ साली डोके व मान या भागांतल्या कर्करोगाच्या ११५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. या रोग्यांवर किरणांचे उपचार चालू होते. उपचारांच्या काळातही जे ओढत राहिले, त्यांच्यापैकी शंभरात ४५ जणांची गाठ पूर्ण विरघळली. न ओढणाऱ्यांत ७४ जणांची. दोन वर्षांनी ओढणारे शंभरात ३९ हयात होते, न ओढणारे ६६. सगळाच फरक धुराचा नसेलही, कारण ओढत राहणाऱ्याची प्रकृती इतर बाबतींतही वेगळी असू शकते. पण कारण समजण्याजोगे आहे. गाठीला प्राणवायू मिळत असला तर किरणांचा मारा नीट लागू पडतो, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात नेमकी प्राणवायूचीच जागा अडवून बसतो. बिडी थांबली की एक-दोन दिवसांत तो पुष्कळसा निघून जातो. हृदयविकाराचेही तसेच. त्या आजारानंतर ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले, असे अनेक अभ्यास एकत्र तपासून २००३ साली मांडले गेले. आणि मामांचा क्षय? त्याच वर्षी तामिळनाडूतील ४३ हजार पुरुषांच्या मृत्यूंची छाननी प्रसिद्ध झाली. न ओढणाऱ्यांपेक्षा ओढणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण सुमारे चौपट निघाले.

बरे, सोडवायची कशी? "बिडी सोडा हं," एवढे बोलून पुढच्या खाटेकडे वळणारे डॉक्टर आपण पाहिलेच आहेत. या बाबतीत मला सर्वांत उद्बोधक वाटलेला प्रयोग पाकिस्तानी पंजाबातला आहे. झंग आणि सरगोधा हे जिल्हे आपल्यासारखेच शेतीचे. क्षयाचा संशय असलेल्या १९५५ ओढणाऱ्यांचे तिथे तीन गट केले. पहिल्या गटाला दवाखान्यातली नेहमीची वागणूक मिळाली. दुसऱ्याशी दोनदा निवांत बोलणे केले, सोडण्याचा दिवस ठरवून. तिसऱ्याला हे बोलणे आणि शिवाय गोळ्या. सहा महिन्यांनी, श्वासातला वायू मोजून खात्री केली तेव्हा, पहिल्या गटात शंभरात साडेआठ जण बिडी-सिगारेटपासून दूर राहिलेले निघाले, दुसऱ्यात ४१, तिसऱ्यात ४५. म्हणजे गोळीने थोडी भर घातली; खरे काम त्या दोन बोलण्यांनी केले! हा निष्कर्ष २०१३ सालचा. सर्व केंद्रांत यश सारखे आले नाही, हेही सांगितले पाहिजे. पुढे बांगलादेश व पाकिस्तानातील २४७२ क्षयरोग्यांवर दुसरे औषध वापरून पाहिले. सर्वांशीच बोलणे झाले होते; औषध मिळालेल्यांत ३२ टक्के सुटले, न मिळालेल्यांत ३० टक्के. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. औषधे निरुपयोगी आहेत असा याचा अर्थ नव्हे. निकोटिनच्या चघळायच्या गोळीने पुष्कळांना मदत होते; डॉक्टरांना विचारून घ्यावी.

बोलण्यात एवढे काय असते? पहिली गोष्ट, रागे भरणे नसते. रागावले की माणूस उशाखाली बंडल लपवतो आणि डॉक्टरांना खोटे सांगतो. दुसरी, पुढे काय होणार ते आधी सांगितलेले असते. पहिले दोन-तीन दिवस कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, काहींचा खोकलाही वाढतो. हे ठाऊक नसले की माणूस म्हणतो, "बघा, सोडल्याने उलट बिघडले," आणि पुन्हा शिलगावतो. साधारण दोन ते चार आठवड्यांत हा त्रास ओसरतो. बिडी सोडून चुना-तंबाखू किंवा मिसरी धरणे म्हणजे सोडणे नव्हे, हेही स्पष्ट सांगावे लागते. आपल्याकडे तो धोका मोठा आहे. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांत ओढणारे ३.८ टक्केच होते, पण खाणारे-चोळणारे २४.४ टक्के!

क्षयाच्या प्रत्येक रोग्याला तंबाखूबद्दल विचारावे, थोडक्यात सल्ला द्यावा आणि सोडायला मदत करावी, असे आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून ठरलेले आहे. दवाखान्यात कोणी विचारले नाही तर आपणच विचारा, "साहेब, बिडी सोडवायला इथे कोण भेटेल?" १८००-११-२३५६ या क्रमांकावर फुकट फोन करूनही सल्ला मिळतो. गुरुजी, गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. पण खाटेजवळ बसाल तेव्हा व्याख्यान देऊ नका. "दिवसाची पहिली बिडी केव्हा लागते?" एवढे विचारा आणि ऐकून घ्या. मग त्याच्याच तोंडून एक दिवस ठरवून घ्या. बाजाराचा वार असला तरी चालेल, लक्षात राहतो. घरातली बंडले आणि आगपेटी त्या दिवशी बाहेर जाऊ द्या. बरोबर ओढणाऱ्या सोबत्यालाही सांगून ठेवा. आठ दिवसांनी पुन्हा जा. मधे एखादी ओढली असे तो म्हणाला, तर खरे बोलल्याबद्दल त्याला बरे म्हणा आणि दुसरा दिवस ठरवा.