मेलेल्या सरोवराची धूळ

आफ्रिकेतल्या चाड देशात तिबेस्ती आणि एनेडी या डोंगराळ मुलखांच्या मधे एक रुंद फट आहे. हिवाळ्यात ईशान्येचा वारा तिच्यात दाटतो, वेग घेतो आणि पलीकडच्या बोदेलेच्या सखल मैदानावर तुटून पडतो. काही हजार वर्षांपूर्वी इथे अवाढव्य सरोवर होतं. आता उरलाय नुसता तळ: डायटम या सूक्ष्म शैवालाच्या कवचांचा खडूसारखा पांढरा, हलका थर. जगातल्या धुळीच्या मोठ्या कोठारांपैकी हे एक.

वारा धूळ सरळ उचलून नेतो, असं आपल्याला वाटतं. पण फार बारीक कण एकमेकांना धरून जमिनीलगत बसलेले असतात. आधी हलते ती वाळू. तिचे कण उड्या मारत पुढे जातात, आपटतात, आणि त्या माराने धूळ सुटी होते. राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरने लिबियाचं वाळवंट मोटारींनी पालथं घातलं, मग मायदेशी वाऱ्याचा बोगदा बांधून या उड्या अभ्यासल्या. 1941 सालचं त्याचं पुस्तक आजही या विषयाचा पाया मानलं जातं. बोदेलेत तर गंमतच: उडणारे कपचे डायटमचेच, आणि आपटून भुगा होतो तोही त्यांचाच.

वाळू जवळपासच टेकड्या करून थांबते. धूळ मात्र उंच चढून अटलांटिक ओलांडते. नासाने 2007 ते 2013 या काळातल्या उपग्रह-नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार वर्षाला सरासरी 2 कोटी 77 लाख टन धूळ ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्यातून तिथल्या निकस मातीला सुमारे 22 हजार टन फॉस्फरस मिळतो. पावसापुराने वाहून जातो तोही साधारण तेवढाच. यात बोदेलेचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालूच आहे.

पडेल तिथे धूळ वेगळं काम करते. चीनमध्ये लाखो वर्षं साठून तिचं लोएसचं पठार झालं. लोकांनी त्यात घरं कोरली. आल्प्सच्या बर्फावर पडली, की ती ऊन शोषते आणि बर्फ लवकर वितळतं.

आपल्याकडे 23 जानेवारी 2022 ला पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्यातल्या गाड्यांवर पांढुरका थर चढवला होता. असा थर पुन्हा दिसला, तर काच कोरड्या फडक्याने पुसू नका, आधी पाणी ओता. वाळवंटी धुळीत क्वार्ट्झ असतं आणि ते काचेपेक्षा कठीण असतं.