झेरमॅटला स्कीईंग करायचंय? हॉटेल नंतर, आधी पहिले तीन दिवस ठरवा

(या एपिसोडचं लिखित रूप. बोलण्यातली थोडी काटछाट केली आहे, बाकी जसंच्या तसं.)

कानात हेडफोन, हातात चहा, सगळे तयार ना? चला तर मग.

आजचा विषय एका मेसेजवरून सुचला. नाशिकच्या एका श्रोत्याने लिहिलंय, "दादा, आम्ही दोघं नवरा-बायको. तीन वर्षं पैसे साठवलेत. फेब्रुवारीत स्वित्झर्लंडला झेरमॅटमध्ये स्कीईंग करायचंय. दोघांनीही आयुष्यात स्की पायात घातलेली नाही. हॉटेल कुठलं घेऊ?"

प्रश्न साधा आहे. पण मला वाटतं तो चुकीच्या टोकाकडून विचारलाय. आपण हॉटेलपासून सुरुवात करतो, कारण फोटो हॉटेलचे दिसतात. खिडकीत मॅटरहॉर्न, बाल्कनीत गरम पाण्याचं टब, वगैरे. पण स्की हॉलिडे बिघडते ती हॉटेलमुळे नाही. ती बिघडते पहिल्या तीन दिवसांत, जेव्हा तुम्ही बर्फावर पाचशे वेळा पडता आणि मनात येतं, एवढे पैसे कशाला घातले? तीन वर्षांची बचत आहे, म्हणून आज सगळं क्रमाने बोलू.

हे गाव नेमकं आहे कसं?

झेरमॅट स्वित्झर्लंडच्या दक्षिणेला, इटलीच्या सीमेला टेकून आहे. गाव साधारण १६०० मीटर उंचीवर. आपल्या कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. म्हणजे आपलं सगळ्यात उंच टोक जिथे संपतं, जवळपास तिथे यांचा बाजार भरतो! डोक्यावर ४४७८ मीटरचा मॅटरहॉर्न. आणि स्कीच्या केबल कार जातात थेट ३८८३ मीटरपर्यंत.

गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना बंदी आहे. गाडीने आलात तर पाच किलोमीटर अलीकडे टॅश नावाच्या गावात ती उभी करायची आणि शटल ट्रेनने बारा मिनिटांत वर यायचं. पण आपल्यासाठी सरळ ट्रेनच बरी. झुरिक विमानतळावरून व्हिस्प स्टेशनला गाडी बदलून साधारण साडेतीन तास. जिनिव्हाहून चारच्या आसपास. गावात फिरायला छोट्या इलेक्ट्रिक टॅक्सी आहेत, नाहीतर आपले पाय.

जागा महाग आहे, हे मान्यच करू. पण महाग का? एक तर हिमनदीमुळे इथे वर्षभर कुठे ना कुठे स्कीईंग चालतं. दुसरं, स्कीवरूनच सीमा ओलांडून इटलीतल्या चेर्विनियाला जाता येतं, आणि दोन्ही बाजू मिळून साधारण ३६० किलोमीटरच्या उतारवाटा आहेत. या उतारवाटांना 'पिस्त' म्हणतात.

आता थांबा आणि विचार करा. पहिल्यांदाच शिकणाऱ्याला ३६० किलोमीटरचा काय उपयोग? पहिले दोन दिवस तुम्ही एका छोट्या मैदानावरच असणार आहात. झेरमॅटमध्ये सुनेगा नावाच्या टप्प्यावर नवशिक्यांसाठी जागा आहे. बोगद्यातून जाणारी रेल्वे काही मिनिटांत तिथे पोहोचवते. म्हणून पहिला नियम लिहून घ्या: पहिल्याच दिवशी सगळ्या डोंगराचा सहा दिवसांचा पास काढायचा नाही. शिकवणाऱ्या शाळेला विचारा, "आम्ही अगदी नवीन, आम्हाला कुठला पास पुरेल?" नवशिक्यांसाठी मर्यादित, स्वस्त पास बहुतेक ठिकाणी असतो. इटलीपर्यंत जाणारा पास तर लागतच नाही.

मग पहिले तीन दिवस करायचं काय?

शाळा. नुसती शाळा. यूट्यूब बघून शिकू, मित्र शिकवेल, नवरा शिकवेल, हे सगळं डोक्यातून काढा. नवरा-बायकोने तर एकमेकांना स्कीईंग शिकवूच नये, संसारासाठी सांगतोय.

पहिला दिवस: बूट घालणं, चालणं, पडणं, उठणं. आणि थांबणं. थांबायला शिकवताना प्रशिक्षक म्हणतात 'पिझ्झा', म्हणजे दोन्ही स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब. समांतर ठेवल्या की 'फ्रेंच फ्राईज', मग वेग वाढतो. लहान पोरांना असंच शिकवतात, आपणही पहिल्या दिवशी लहान पोरंच.

दुसरा दिवस: वळणं. तिसरा दिवस: जमलं तर पहिला खरा निळा उतार. स्वित्झर्लंडमध्ये निळा म्हणजे सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो, इथे तो नाही. झेरमॅटमध्ये पिवळ्या खुणांचे मार्गही दिसतील. ते मशीनने सपाट केलेले नसतात. आपण तिकडे जायचं नाही, विषय संपला.

दिवसाला दोन-तीन तासांचा ग्रुप क्लास पुरे. अंग असं दुखतं की जिना उतरताना रडू येतं. त्यामुळे जायच्या आधी दोन महिने मांड्यांचा व्यायाम सुरू करा. बैठका मारा, भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखं बसा. नाशिककरांनी आठवड्यातून एकदा पांडवलेणीच्या पायऱ्या चढा. उतरताना गुडघे काय म्हणतात ते नीट ऐका, कारण स्कीईंगमध्ये सगळ्यात जास्त मार गुडघ्यालाच बसतो.

भाड्याच्या दुकानात खोटं बोलू नका

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट, सगळं तिथेच भाड्याने घ्या. विकत काही नको. फक्त दोन गोष्टी सांभाळा.

पहिली: दुकानदार वजन, उंची, वय विचारतो. खरं सांगा! लाजू नका. बूट आणि स्की यांना जोडणारी कडी त्या आकड्यांवर बसवतात. तुम्ही जोरात पडलात की त्या कडीने पाय सोडायचा असतो. आकडा चुकला तर ती नको तेव्हा सुटेल, किंवा हवी तेव्हा सुटणारच नाही, आणि मग तुटतो तो गुडघा.

दुसरी: मोजे. थंडी आहे म्हणून दोन जाड मोजे घालू नका. एकच, पातळ, लांब, स्कीचा मोजा. दोन मोज्यांनी पाय आवळतो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गारठतो. सुती कपडेही नकोत, घामाने ओले होऊन थंड पडतात. आतून थर्मल, मधे फ्लीस, वरून पाणी न शिरणारं जॅकेट आणि पँट. आणि सनस्क्रीन! नवा बर्फ सूर्याचे ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. हनुवटीच्या खालूनही भाजतं, बरं का.

इन्शुरन्सची बारीक अक्षरं

आता जरा गंभीर. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आपण काय करतो? सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतो, व्हिसा मिळतो, विषय संपला असं वाटतं. माझ्या एका मित्राचंही तसंच झालं. खांद्याला मार लागला आणि मग पॉलिसी वाचली. त्यात लिहिलं होतं की हिवाळी खेळांमधली दुखापत यात धरलेली नाही. व्हिसासाठी कागद चालला, पण दवाखान्याचं बिल त्याने स्वतःच्या खिशातून भरलं.

म्हणून पॉलिसी घेताना तीन प्रश्न लेखी विचारा. एक, पिस्तवरचं स्कीईंग यात आहे का? दोन, डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च, हेलिकॉप्टरसकट, आहे का? तीन, मी दुसऱ्याला धडकलो आणि त्याला इजा झाली, तर त्याची भरपाई आहे का?

तिसरा प्रश्न गमतीचा नाही. इटलीत २०२२ पासून स्की करणाऱ्याकडे असा विमा असणं कायद्याने बंधनकारक आहे. पुढे कधी चेर्विनियाला उतरलात तर हे लागेल.

झेरमॅटमध्ये हेलिकॉप्टर बचावाची सोय जुनी आहे, एअर झेरमॅट १९६८ पासून काम करते. सेवा उत्तम, पण फुकट नाही. अपघात झाला तर नंबर १४४. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह करा. ११२ सुद्धा चालतो.

फोनवरून आठवलं. थंडीत बॅटरी धाडकन उतरते, फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण युरोपीय संघात नाही. 'युरोप'चं ई-सिम घेताना यादीत स्वित्झर्लंड आहे का ते बघा.

तारखा आणि पैसा

ख्रिसमस ते नवीन वर्ष सगळ्यात महाग. त्यानंतर नंबर फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यांचा, कारण युरोपातल्या बऱ्याच शाळांना तेव्हा सुट्टी असते. गर्दी, रांगा, क्लास फुल्ल. आपल्या नाशिकच्या जोडीला माझा सल्ला: जानेवारीचे मधले आठवडे किंवा मार्चचा मध्य. जानेवारीत थंडी कडक, पण गर्दी कमी. मार्चमध्ये दिवस मोठा, ऊन छान, आणि नवशिक्याला ते मानवतं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, पण कधी कधी पंचेचाळीसपर्यंत लागतात. शेवटच्या महिन्यावर ढकलू नका. हॉटेल घ्या, पण रद्द करता येईल असंच. खूप ठिकाणी शनिवार ते शनिवार असंच बुकिंग देतात, मग विमानही त्याप्रमाणे बघा. 'हाफ बोर्ड' म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण. डोंगरावरचं जेवण महाग पडतं, म्हणून हा हिशोब बरा पडतो. स्टेशनजवळ सुपरमार्केट आहे, नळाचं पाणी पिण्यासारखं आहे, बाटली भरून घ्या.

शाकाहारी असाल तर 'रोश्टी' हा किसलेल्या बटाट्याचा प्रकार आवडेल, पण त्यात बेकन नाही ना ते विचारा. आणि ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. काटेकोर पाळणाऱ्यांनी आधीच माहीत करून घ्यावं.

डोंगराचे नियम

आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. एक लक्षात ठेवला तरी पुष्कळ: पुढे असलेल्याचा हक्क पहिला. मागून येणाऱ्याने सांभाळायचं. आपल्याकडे हॉर्न वाजवला की पुढचा बाजूला होतो असं आपण धरून चालतो, तिथे ते चालत नाही.

हिमस्खलनाचा धोका एक ते पाच अशा पातळ्यांत सांगतात. दावोसची एसएलएफ ही संस्था हिवाळ्यात रोज अंदाज देते, 'व्हाइट रिस्क' ॲपवर दिसतो. तीन हा आकडा मधला वाटतो, पण तो 'ठीक आहे' असा वाचू नका. पिस्त सोडून जाणाऱ्यांसाठी तो पुरेसा धोकादायक आहे. आपण पिस्त सोडणारच नाही, आणि एखादा रस्ता बंद असेल तर दोरीखालून जाणारही नाही.

आणि एखाद्याला आवडलंच नाही तर?

हे कोणी बोलत नाही. दोघांपैकी एकाला स्कीईंग नकोसं झालं, तर ट्रिप वाया गेली का? अजिबात नाही. १८९८ पासून चालणारी गोर्नरग्राट रेल्वे ३०८९ मीटरपर्यंत नेते, समोर मॅटरहॉर्न. त्याच वाटेवर घसरगाडीची वाट आहे. वर ३८८३ मीटरला मात्र पहिल्याच दिवशी जाऊ नका, डोकं धरतं. गावात मॅटरहॉर्न संग्रहालय आहे. १४ जुलै १८६५ ला सात जण पहिल्यांदा शिखरावर पोहोचले, उतरताना चौघे गेले. त्या दिवशी तुटलेला दोर तिथे ठेवलाय. तो बघितला की डोंगराबद्दल बोलताना आवाज आपोआप खाली येतो.

आधीच शंका असेल तर एक मधला रस्ता सांगतो. या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला चार दिवस शिकून बघा. आवडलं तर झेरमॅटला तुम्ही चौथ्या दिवसापासून सुरुवात कराल, आणि त्या महागड्या पासचा खरा उपयोग होईल. नाही आवडलं तर तीन वर्षांची बचत वाचली, आणि झेरमॅटला नुसतं फिरायलाही जाता येतं.

तर नाशिकच्या मित्रा, क्रम असा ठेव: तारखा, शाळा, रद्द करता येणारं हॉटेल, विमा नीट वाचून, व्हिसा, आणि पास सगळ्यात शेवटी. हॉटेल कुठलं, या तुझ्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. क्लास जिथे भरतो तिथे जाणाऱ्या रेल्वेपासून चालत पाच मिनिटांवर असेल ते. स्कीचे बूट घालून अर्धा तास चालून बघ एकदा, मग बाल्कनीतल्या टबची आठवणही येणार नाही.

परत आलात की मेसेज करा. किती वेळा पडलात तेही सांगा, लपवू नका. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत ऐकत राहा!