मुखत्यार प्रत

जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि लोकल बंद पडल्या. विरार जागेवर, वसईही जागेवर. तुटली ती मधली वाट. अनेक संगणकांवर फायली सांभाळणाऱ्या यंत्रणेवरही असाच प्रसंग येतो.

गूगलने २००३ मध्ये आपली अशी रचना जाहीर केली. फाइलचे ६४ मेगाबाइटचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या साधारण तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवायच्या. एक यंत्र बिघडले तरी फाइल वाचते. पण दोघांनी एकदमच बदल केला, तर आधीचा कुणाचा? म्हणून एका प्रतीला ठरावीक मुदतीचे मुखत्यारपत्र मिळते. ती क्रम लावते, बाकीच्या तो मुकाट पाळतात. मुदत कशाला? मुखत्याराशी संपर्क तुटला, तर मुदत संपेपर्यंत थांबून दुसरा नेमता येतो. घाई केली तर दोन मुखत्यार होतील, आणि मग भाऊबंदकीच!

वाट तुटल्यावर दोनच पर्याय उरतात, हे एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये मांडले: काम अडवा, नाहीतर प्रतींमध्ये फरक पडू द्या. लग्नाच्या फोटोंना दुसरा पर्याय चालेल. बँकेच्या खात्याला मात्र ‘थोड्या वेळाने या’ हेच उत्तर मला बरे वाटते.