अर्ध्यावर राहिलेलं गणित

दसरा सरला की माझ्या सातवीच्या वर्गातले बाक रिकामे होऊ लागतात. बीड जिल्ह्यात मी शिक्षिका आहे. मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन आईबाप ऊसतोडीला निघतात. पोरीही उसाच्या फडावर जातात. पहाटे झोपडीवजा कोपीत भाकरी थापायच्या, दिवसभर धाकट्याला सांभाळायचं, वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, मोळ्या बांधायच्या. वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं तिचं लग्नच उरकतात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नव्या जोडीला उचलही मिळते. पण २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लग्नासाठी मुलीचं किमान वय १८ सांगतो. गेल्या साली परतलेल्या एकीच्या वहीत गणित अर्ध्यावरच होतं, हाताला मात्र घट्टे पडले होते. गावातच हंगामी वसतिगृह नीट चाललं, तर पोर शाळेत टिकते. अशा लग्नाची कुणकुण लागताच १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन फिरवा.