सागाचा पेन: भोक पाडताना तुकडा का तडकतो?
खामगाव-मलकापूरकडे फर्निचरवाल्यांकडे सागाचे तुकडे उरतातच, बिलासह घ्या. खरं नुकसान होतं ते ड्रिलखाली. सागात तेल असतं. बिट तापला की भुसा चिकट होऊन त्याच्या खाचांत अडकतो, लाकूड आतून तापतं आणि तडकतं. लाकूडही गेलं, मजुरीही. म्हणून ७ मिमीचं भोक एका दमात पाडायचं नाही. थोडं आत, लगेच बाहेर, भुसा झटका, पुन्हा आत. कंटाळवाणं आहे, पण करा! सागातली सिलिका बिटची धार खाते, तीही बघत राहा. तुकडा अर्धा सेंटीमीटर जास्त ठेवा. बिट आरपार जाण्याआधी थांबा आणि बंद टोक कापून टाका, म्हणजे कड फुटत नाही. पितळी नळी बसवण्याआधी भोक ॲसिटोनने पुसा (विडी-काडी लांब!) आणि वाळताच इपॉक्सी लावा. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर तेल परत वर येतं.