वाकवलेली सळई सरळ केली, की झालं?

यवतमाळ, पुसद, दारव्हा, कुठेही जा. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या कॉलमच्या सळया दिसतात. कुणाला लागू नयेत म्हणून त्या वाकवून ठेवतात आणि पैसे जमले की पाइप घालून सरळ करतात. ‘लोखंडाला काय होतंय?’ असा सगळ्यांचा समज.

होतं. फक्त दिसत नाही.

पोलादात अणूंच्या ओळी असतात. तिफणीने पेरताना एखादं तास अर्ध्यावरच संपावं, तशी त्यातली एखादी ओळ मध्येच संपते. रचनेतल्या या दोषाला डिस्लोकेशन म्हणतात. दोष म्हणजे कमजोरी, हा दुसरा गैरसमज. सळई न तुटता वाकते ती हे दोष सरकतात म्हणूनच. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये हे स्वतंत्रपणे मांडलं.

ओळ संपते तिथे जागा सैल असते. लोखंडात दाटीवाटीने राहणारे कार्बन आणि नायट्रोजनचे अणू हळूहळू तिकडे सरकतात, ठाण मांडतात आणि दोषाला जखडून टाकतात. याचं गणित कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडलं. सळई वाकवली की त्या बाकात असंख्य नवे दोष तयार होतात आणि पुढे आठवडे-महिने हे अणू तिथे गोळा होत राहतात. आपल्याकडच्या मे महिन्यात तर अधिकच वेगाने. मग सरळ करताना दोष सहज सरकत नाहीत; बाकावर बारीक तडा जाऊ शकतो.

सळयांसाठीच्या आयएस १७८६ या भारतीय मानकात याचीच परीक्षा आहे. सळई गोल खुंटीभोवती वाकवायची, अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवायची आणि उलट वाकवायची. बऱ्याच दिवसांचं काम उष्णता अर्ध्या तासात उरकते. नायट्रोजनही सहसा ०.०१२ टक्क्यांहून जास्त चालत नाही. मात्र गच्चीवर सळई वाकवताना येणारा बाक त्या खुंटीभोवतीच्या बाकापेक्षा बऱ्याचदा तीव्र असतो.

पण म्हणून कार्बनसारखे परके अणू वाईटच असंही नाही. शुद्ध लोखंड मऊ असतं, बळ कार्बनमुळे येतं. फॉस्फरस मात्र पोलादातल्या बारीक स्फटिक-कणांच्या सीमांवर साचून पोलाद ठिसूळ करतो.

गॅसने तापवून सरळ करणं तर टाळाच. टीएमटी सळईचं बरंचसं बळ पाण्याने झटकन थंड केलेल्या बाहेरच्या थरात असतं. तापवलं की ते उतरतं.

सळया उभ्याच ठेवा, टोकांना टोप्या घाला. आधीच वाकवल्या असतील, तर सरळ करण्यापूर्वी इंजिनिअरला दाखवा.